सात पोर्टचा पॉवर्ड हब: चार कंट्रोलर एकदम चालतात का?

चालतात. गेमचे चारही कंट्रोलर, ज्यांना व्हायब्रेशन आहे त्यांचं चालू ठेवून, दुपारभर. एवढंच जाणून घ्यायचं असेल तर पॉवर्ड हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे अनेक करणारी आणि स्वतःची वीज घेणारी पट्टी, बिनधास्त घ्या. फक्त दुकानात हबाआधी त्याच्यासोबतचा अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन बघा, कारण या वस्तूत पैसे मोजायचे ते अ‍ॅडॉप्टरसाठी. बाकीचं प्लास्टिक कुठेही मिळतं.

वस्तू अशी आहे. वीतभर लांबीची काळी पट्टी, तिच्यावर यूएसबी २.० चे सात पोर्ट, प्रत्येक पोर्टाशेजारी एक बटण आणि निळा दिवा. एका टोकाला लॅपटॉपकडे जाणारी वायर, दुसऱ्या टोकाला अ‍ॅडॉप्टरची गोल पिन बसेल असं छिद्र. खोक्यावर कंपनीचं नावच नाही, 'हाय स्पीड हब' एवढं छापलंय. असे हब नाशिकच्या एम. जी. रोडवर दुकानागणिक वेगळ्या रंगाच्या खोक्यात मिळतात, म्हणून मी नावाऐवजी खुणा सांगते आहे. मला अ‍ॅडॉप्टरसकट साडेसहाशेला पडला. अ‍ॅडॉप्टरवर ५ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलंय.

मी नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. मे महिन्यात जळगावहून बहिणीची मुलं आली की घरात चार कंट्रोलर एकदम लागतात: एक एक्सबॉक्स ३६० चा वायरवाला, एक प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४, दोन लॉजिटेकचे एफ३१०, ज्यांना व्हायब्रेशन नसतं. लॅपटॉपला पोर्ट दोन, त्यातला एक माऊसला. टीव्हीला रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका बोर्डाचा छोटा संगणक, जोडलाय, त्याच्यावर जुने गेम चालतात. म्हणजे हब आमच्याकडे चैनीची गोष्ट नाही, त्याच्याशिवाय चौघांचा फुटबॉल सुरूच होत नाही.

याआधीचा हब भाचा रोहन घेऊन आला होता. तळहातावर मावणारा, चार पोर्टचा, अ‍ॅडॉप्टर लावायची सोयच नसलेला. तो का चालला नाही हे नीट समजलं तरच नवा का चालतो हे कळेल, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहिते. लक्षण एकदम ठरलेलं होतं. दोन कंट्रोलर जोडले की सगळं छान. तिसरा जोडला तरी मेन्यूत छान. खेळ सुरू होऊन कोणी जोरात टॅकल केलं, कंट्रोलर थरथरले, की विंडोजचा तो डिव्हाइस निघाल्याचा आवाज यायचा, मागोमाग परत जोडल्याचा. पडद्यावर 'कंट्रोलर डिस्कनेक्टेड'. त्यात आणखी एक ताप. एक्सइनपुट पद्धतीच्या, म्हणजे एक्सबॉक्सच्या जातीचे कंट्रोलर ओळखणाऱ्या, खेळांत कंट्रोलरसाठी चारच जागा असतात, आणि दोन-तीन कंट्रोलर एकदम पडून परत आले की जो आधी येईल तो पहिली मोकळी जागा पटकावतो. त्यामुळे भाची ईशाच्या हातातला कंट्रोलर अचानक रोहनचा खेळाडू पळवायला लागायचा. मुलांची भांडणं खेळावरून नव्हती, या अदलाबदलीवरून होती.

रोहनचं म्हणणं, "मावशी, कंट्रोलर जुना झालाय, नवीन घेऊ." जुना झालेला कंट्रोलर बटण दाबलं तर चुकतो, स्टिक सोडली तर सरकत राहतो. थरथरल्यावरच मरणारा कंट्रोलर जुना नसतो, त्याला वीज पुरत नसते. आमच्या ट्रेडमध्ये मोटर सुरू होताना दिवे मंद झाले तर कोणी दिवे बदलत नाही. व्हायब्रेशन म्हणजे हँडलमध्ये बसवलेल्या छोट्या मोटरीच आहेत, टोकाला एका बाजूला वजन लावलेल्या. मोटर सुरू होताना चालू स्थितीपेक्षा जास्त करंट ओढते, हे इथेही खरं आहे.

यूएसबी २.० चं मानक २००० साली आलं. त्यात हिशोब सरळ आहे. संगणकाच्या एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअर. ज्या हबाला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नाही, त्याने त्यातले १०० स्वतःला ठेवायचे आणि उरलेले पुढच्या चार पोर्टांना प्रत्येकी १०० असे वाटायचे. असे हब मुख्यतः चारच पोर्टचे का दिसतात, ते यातून कळतं. आता गंमत बघा: वायरवाला एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर आणि ड्युअलशॉक ४, दोघंही संगणकाला आपली गरज ५०० मिलिअँपिअरपर्यंत असल्याचं कळवतात. प्रत्यक्षात इतका करंट ते सतत ओढत नाहीत, पण मागायचा हक्क राखून ठेवतात. ड्युअलशॉकची तर बॅटरीही त्याच वायरीतून चार्ज होत असते, त्यामुळे तो थरथरत नसतानाही स्वस्थ बसत नाही.

मग अशा हबाने कंट्रोलर नाकारायला हवेत. प्रामाणिक हब असला तर तसंच होतं. लिनक्सवर (पाय त्यावरच चालतो) 'रिजेक्टेड वन कॉन्फिगरेशन ड्यू टू इनसफिशिअंट अव्हेलेबल बस पॉवर' अशी, म्हणजे वीज पुरत नाही म्हणून नाकारलं अशा अर्थाची, ओळ सिस्टिमच्या नोंदीत येते आणि कंट्रोलर सुरूच होत नाही. हे बरं, निदान कारण लिहून मिळतं. रोहनच्या हबाने मात्र 'सेल्फ पॉवर्ड' अशी स्वतःची ओळख करून दिली होती. लिनक्सची 'एलएसयूएसबी' ही आज्ञा सविस्तर माहितीच्या पर्यायासह चालवली की ते दिसतं. ज्याला अ‍ॅडॉप्टरचं छिद्रच नाही असा हब म्हणतोय, माझ्याकडे माझी वीज आहे! संगणकाने विश्वास ठेवला, सगळ्यांना आत घेतलं, आणि खरी ओढ सुरू झाली तेव्हा व्होल्टेज बसलं. स्वस्त हबांत हा प्रकार भरपूर चालतो. मला याचा मनापासून राग येतो. वस्तू कमी क्षमतेची असणं हा दोष नाही, क्षमतेबद्दल खोटं सांगणं हा आहे. त्यामुळे माणूस चांगले कंट्रोलर फेकून देतो आणि नवे आणतो.

पोर्ट आणि कंट्रोलर यांच्यामध्ये लावायचा एक छोटा मीटर मिळतो, व्होल्टेज आणि करंट दाखवणारा. तो दोन-तीनशे रुपयांत येतो आणि ज्यांच्या घरी दोनपेक्षा जास्त यूएसबी वस्तू आहेत त्यांनी घ्यावाच. जुन्या हबावर तीन कंट्रोलर शांत असताना मला ४.८ च्या आसपास दिसत होतं. व्हायब्रेशनवाल्या दोघांनी एकदम थरथरायला सुरुवात केल्यावर ४.३ पर्यंत खाली. अ‍ॅडॉप्टर नसलेल्या हबाच्या पोर्टावर निदान ४.४० व्होल्ट असावेत असं मानक म्हणतं. म्हणजे कंट्रोलर बरोबर होता, त्याने पडायलाच हवं होतं.

नव्या हबावर तीच चाचणी. मोकळ्या पोर्टावर ५.१. चार कंट्रोलर जोडून, खेळातून व्हायब्रेशन सुरू ठेवून सगळ्यात खाली ४.८५. पॉवर्ड हबासाठी मर्यादा ४.७५ ची आहे, त्याच्या वर राहिला. अ‍ॅडॉप्टर हाताला कोमट लागला, गरम नाही. एकही कंट्रोलर पडला नाही. सुट्टीभर तो तसाच चालला आहे.

आता खरेदीचा प्रसंग, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. काउंटरवरचे दादा म्हणाले, "ताई, बिनअ‍ॅडॉप्टरचा न्या, काम तेच, दोनशे रुपये वाचतील." मी म्हटलं, "दादा, मला अ‍ॅडॉप्टरच हवाय, हब तुम्ही वरून द्या." त्यांनी दोन अ‍ॅडॉप्टर काढले. एक अगदी हलका, त्याच्यावर २ अँपिअर छापलेलं आणि बाकी काही नाही. दुसरा वजनदार, त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. संगणकाच्या अ‍ॅडॉप्टरना आपल्याकडे ही नोंदणी सक्तीची आहे. मी दुसरा घेतला आणि त्यांच्याच टेबलावर मीटर लावून लोड देऊन पाहिलं. दादांनी बघू दिलं, स्वतःही उत्सुकतेने बघत बसले, बिलावर हबाचे पोर्ट आणि अ‍ॅडॉप्टरचे अँपिअर दोन्ही लिहून दिले. अशा दुकानदाराकडे माणूस परत जातो.

अँपिअर किती हवेत याचा अंदाज असा: चार कंट्रोलर, प्रत्येकाचा हक्क जास्तीत जास्त ५०० चा धरला, म्हणजे २ अँपिअर, हबाचं स्वतःचं थोडं, वर थोडी मोकळीक. म्हणून ३. सात पोर्ट आणि १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर अशी जोडीही याच बाजारात विकली जाते, आणि ती म्हणजे एका ५ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर गिझर, मिक्सर आणि इस्त्री चालवायची.

याच अ‍ॅडॉप्टरबद्दल एक धोक्याची सूचना. पिनचं माप आमच्या वायफाय राउटरच्या अ‍ॅडॉप्टरसारखंच आहे, दोन्ही पिना एकमेकींच्या छिद्रात आरामात बसतात. राउटरचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा. अंधारात चुकून तो हबाला लागला तर हब जाईल, आणि कदाचित सोबत कंट्रोलरही घेऊन जाईल. मी हबाच्या पिनेला लाल टेप गुंडाळून त्यावर '५' लिहिलंय, हबाच्या छिद्रापाशीही लाल टेप. हे कंपनीने करायला हवं होतं. मुलं असलेल्या घरात पहिल्या दिवशी हे काम करा, खेळ नंतर.

हब बदलूनही एक एफ३१० आमच्या खेळात दिसत नव्हता. इथे दोष विजेचा नव्हता, पाठीमागच्या छोट्या सरकत्या कळीचा होता. तिच्यावर एक्स आणि डी अशी अक्षरं आहेत. एक्सवर असेल तर संगणकाला तो एक्सबॉक्सच्या जातीचा कंट्रोलर वाटतो, डीवर असेल तर जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीचा. नवे बहुतेक खेळ एक्सचीच भाषा समजतात. कोणीतरी खेळता खेळता कळ सरकवलेली असते आणि दोष हबावर येतो. विंडोजमध्ये रन उघडून 'जॉय डॉट सीपीएल' टाइप केलं की जोडलेल्या कंट्रोलरची यादी येते. तिथे नाव दिसतंय पण खेळात नाही, तर हबाला हात लावू नका, खेळाची सेटिंग आणि ही कळ बघा. तिथे नावच नाही, तर वायर, पोर्ट, हब या क्रमाने मागे जा.

वायरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ड्युअलशॉक ४ ला मायक्रो यूएसबी वायर लागते, आणि घरात अशा वायरी ढीगभर असतात: पॉवर बँकेसोबत आलेल्या, ट्रिमरसोबत आलेल्या. त्यांतल्या कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या दोन तारा नसतातच. कंट्रोलरचा दिवा लागतो, चार्ज होतो, संगणकाला मात्र काही जोडल्याचं कळतही नाही. दिवा लागतोय म्हणून वायर चांगली, असं समजू नका. शंका आली तर त्याच वायरीने फोन जोडून फाइल दिसतात का ते पाहा.

डेटा जाणाऱ्या वायरीतही जाडीचा फरक असतो. वायरीच्या अंगावर बारीक अक्षरात गेज छापलेलं असतं. गेजचा आकडा मोठा म्हणजे तार बारीक, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, २४ गेजचा ०.०८. दीड मीटरच्या वायरीत करंट जाऊन परत येतो, म्हणजे तीन मीटर तार. अर्धा अँपिअर वाहिला तर २८ गेजमध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच जातात, २४ गेजमध्ये ०.१३ च्या आसपास. हबाने ४.८५ दिले आणि वायरीने ०.३ खाल्ले, तर कंट्रोलरला मिळणार ४.५५. सोफ्यापर्यंत पोचावं म्हणून लांबलचक स्वस्त वायर घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा. आम्ही लांब पल्ल्यासाठी हबच सोफ्याजवळ आणला आणि कंट्रोलरच्या वायरी आखूड ठेवल्या. हबापासून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीतून आता कंट्रोलरचा करंट जात नाही, डेटा जातो, त्यामुळे तिथे थोडी जास्त लांबी चालते. तरी पाच मीटरच्या आतच राहावं.

हबाची बटणं मला आधी शोभेची वाटली होती, पण रोज वापरात आहेत. एखादा कंट्रोलर अडकला तर वायर उपसण्याऐवजी त्याचं बटण बंद करून चालू करायचं. कंट्रोलरचं वायर घुसवायचं तोंड हेच त्याचं सगळ्यात नाजूक अंग, ते जितकं कमी हलवाल तितकं बरं. शिवाय खेळाडूंचा क्रम बटणांनी लावता येतो: सगळी बंद करायची, मग एक, दोन, तीन, चार अशी क्रमाने चालू करायची. पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरलेलं राहतं. भांडणं मिटली ती यामुळे. पोर्टही ठरवून ठेवले आहेत, कारण ज्या वस्तूंना स्वतःचा अनुक्रमांक नसतो त्यांना विंडोज वेगळ्या पोर्टात नवी वस्तू समजतं आणि पुन्हा ओळख करून घेत बसतं.

एक दोष विंडोजच्या बाजूने येतो आणि लोक तो हबाच्या माथी मारतात. जेवायला उठलात, अर्ध्या तासाने आलात आणि कंट्रोलर मेलेला. थरथरताना पडला तर वीज, पण निवांत बसलेला असताना गेला तर वीज वाचवायची सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब आणि आपला हब, दोन्हींच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर संगणकाला ही वस्तू बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. आमच्याकडे एवढ्याने ते थांबलं. आणि वायर हलवल्यावर जात असेल, तर सॉकेट सैल आहे, त्याला कोणतीही सेटिंग नाही.

रास्पबेरी पायवर हा हब मला लॅपटॉपपेक्षाही जास्त उपयोगी पडला. पाय ४ ला यूएसबीचे चार पोर्ट आहेत, पण चौघांना मिळून १.२ अँपिअरच देता येतात. पोर्ट चार, कंट्रोलर चार, सगळं बसतंय असं दिसतं, आणि खेळ रंगात आला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकतं. ते चिन्ह म्हणजे बोर्डाचा पुरवठा ४.६३ व्होल्टखाली गेल्याची खूण. तेव्हा पाय स्वतःचा वेग कमी करतो, खेळ अडखळतो आणि आवाज फाटतो. हबावर कंट्रोलर गेल्यापासून ते चिन्ह दिसलेलं नाही.

पण याच ठिकाणी हबाचा सगळ्यात मोठा दोष सापडला. अ‍ॅडॉप्टर चालू ठेवून मी हबाची लॅपटॉपकडे जाणारी वायर मोकळी सोडली आणि तिच्या टोकाला मल्टिमीटर लावला. तिथे काहीच यायला नको. ४.७ व्होल्ट आले. म्हणजे हब वीज उलटी मागे ढकलतो. आतमध्ये ती अडवायची सोय केलेली नाही, किंवा जी आहे ती पुरेशी नाही. लॅपटॉपच्या पोर्टाला सहसा स्वतःचं संरक्षण असतं. पाय मात्र त्याचा अ‍ॅडॉप्टर काढला तरी हबाकडून वीज घेऊन अर्धवट जागा राहतो, लाल दिवा लागलेलाच, आणि पुन्हा चालू करताना नीट उठत नाही. अशा उलट्या विजेवर मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते. माझा उपाय साधा आहे: पाय आणि हब एकाच स्विचच्या बोर्डावर, म्हणजे दोघं एकदम बंद आणि एकदम चालू. त्याआधी पाय मेन्यूतून शटडाउन करायचा. हे जमणार नसेल तर पायसाठी हा हब घेऊ नका. लॅपटॉपपुरता घ्यायचा असेल तर मी या दोषावर अडून बसणार नाही.

लाइट गेली की काय होतं, हा आपल्याकडचा प्रश्न. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, हबाचा अ‍ॅडॉप्टर मात्र बंद. हब क्षणभर पडतो आणि लॅपटॉपच्या विजेवर परत उभा राहतो, म्हणजे रोहनच्या जुन्या हबासारखाच होऊन बसतो. दोन कंट्रोलर तरतात, चार तरत नाहीत. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट जाऊन-येऊन असते, म्हणून मी अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला. १५ वॉटचा भार आहे, इन्व्हर्टरला जाणवतही नाही.

ईशा यूएसबी हेडसेट लावते. कंट्रोलर आणि असे साधे हेडसेट ही १२ मेगाबिटवाली मंडळी, तर हब लॅपटॉपशी ४८० मेगाबिटने बोलतो. मधला भाषांतराचा भाग ('टीटी') हबाच्या चिपमध्ये असतो. काही हबांत तो सगळ्या पोर्टांना मिळून एकच असतो, काहींत प्रत्येक पोर्टाला वेगळा. या हबाच्या माहितीत 'टीटी पर पोर्ट' असं दिसतं, म्हणजे वेगळा. चार कंट्रोलर आणि हेडसेट एकदम लावून आवाजात कुठे करकर आली नाही. जिथे एकच असतो तिथे सगळ्यांना ते १२ मेगाबिट वाटून घ्यावे लागतात, आणि पहिला त्रास आवाजाला होतो.

वायरलेस कंट्रोलरचा डोंगल (पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हर) असेल तर तो या हबावर लावा आणि लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या पोर्टापासून, त्यात लावलेल्या हार्ड डिस्कपासून दूर ठेवा. यूएसबी ३ च्या डेटाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो आणि असे डोंगल त्याच पट्ट्यात काम करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. शेजारच्या मुलाचा कंट्रोलर आमच्याकडे आल्यावर बटण उशिरा लागायचं. डोंगल सोफ्याजवळच्या हबावर नेला आणि तक्रार संपली.

उरलेल्या तक्रारी किरकोळ. निळे दिवे रात्री डोळ्यांत येतात, त्यांवर मी चिकटपट्टी लावली आहे. तळाला रबर नाही, वायर ओढली की सगळी पट्टी घसरत येते. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ती फळीला बसवली. पोर्ट इतके जवळजवळ आहेत की जाड पेन ड्राइव्ह शेजारच्याची जागा खातो. चार कंट्रोलर लावताना एकाआड एक पोर्ट वापरता येतात, म्हणून सात पोर्टचा उपयोग.

बाहेरची एसएसडी या हबावर लावू नका. यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची वाट आहे, डिस्कला लॅपटॉपचा यूएसबी ३ पोर्ट थेट द्या. खेळच त्या डिस्कवर असतील तर हे जास्तच महत्त्वाचं. ज्यांच्याकडे एक किंवा दोनच कंट्रोलर आहेत आणि लॅपटॉपला तेवढे पोर्ट मोकळे आहेत, त्यांना हा हब घ्यायची काहीच गरज नाही. तीन किंवा चार जण खेळणार असाल तर घ्या, ३ अँपिअरच्या, खूण असलेल्या अ‍ॅडॉप्टरसकट घ्या, आणि बिलावर अँपिअर लिहून घ्या. दुकानाने सहा महिन्यांत हब किंवा अ‍ॅडॉप्टर गेल्यास बदलून द्यायचं कबूल केलंय, तेही बिलावर आहे.